'बॉयकॉट' हे क्रियापद आले कोठून, आणि मराठीत त्याला 'बहिष्कार' म्हणावे का?

भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. आयर्लंडच्या इतिहासावरील एका इंग्रजी मजकुराचे ती मराठी करीत आहे. त्यात जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी 'बॉयकॉट' केले, अशा अर्थाचे एक साधे वाक्य आले. तिने 'कुळांनी कारभाऱ्यावर बहिष्कार टाकला' असे लिहिले आणि तिच्या मार्गदर्शकांनी ते खोडून 'कारभाऱ्याला वाळीत टाकले' असे केले. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते खरोखर एखाद्या माणसाच्या आडनावावरून आले आहे का, आणि या दोन मराठी रूपांतले कोणते अधिक बरोबर, असे तिचे तीन प्रश्न आहेत. न्यायालयीन कागदपत्रे आणि वृत्तपत्रीय मजकूर यांचे भाषांतर मी तीस वर्षे करीत आलो आहे, आणि या एका शब्दाशी माझा इतक्या वेळा सामना झाला आहे की उत्तर थोडे लांबले तरी ते पुरतेपणी द्यावे असे वाटते.

पहिल्यांदा उगमाविषयी, कारण येथे उगम कळल्याशिवाय अर्थ कळत नाही. होय, हे क्रियापद एका माणसाच्या आडनावावरूनच आले. इंग्रजीतल्या बहुतेक शब्दांचा जन्म धूसर असतो; या शब्दाचा मात्र प्रदेश, साल आणि जवळजवळ महिनाही सांगता येतो. आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात, १८८० च्या शरद ऋतूत तो जन्मला.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात १८३२ साली जन्मलेला गृहस्थ. काही काळ सैन्यात काढून तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला, अ‍ॅकिल बेटावर त्याने बरीच वर्षे शेती केली, आणि १८७३ च्या सुमारास लॉख मास्क या सरोवराकाठच्या जमिनीवर लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून आला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. अर्न स्वतः तेथे राहत नसत. कुळांकडून खंड वसूल करणे, थकबाकीदारांना नोटिसा देणे आणि प्रसंगी बेदखल करणे ही कामे बॉयकॉटची होती, आणि वसुलीचे दहा टक्के त्याला मिळत. आपल्याकडील खोत किंवा इनामदाराचा कारभारी डोळ्यांसमोर आणला तर त्याचे गावातले स्थान चटकन लक्षात येते.

१८७९ साली आयर्लंडमध्ये पिके बुडाली. १८४५ नंतरच्या महादुष्काळाची आठवण तेथे अजून ताजी होती आणि त्या आठवणीनेच माणसे हादरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डब्लिनला 'लँड लीग' ही कुळांची संघटना उभी राहिली. चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष होते, आणि तिच्यामागची खरी प्रेरणा मायकल डेव्हिट यांची होती. डेव्हिट मेयो परगण्यातलेच. लहानपणी त्यांच्या कुटुंबाला घरातून बेदखल करण्यात आले होते. १८८० साली लॉर्ड अर्न यांनी खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि खंड न भरलेल्या अकरा कुळांवर बेदखलीची कारवाई सुरू झाली.

येथे दोन घटना तीन दिवसांच्या अंतराने घडल्या. १९ सप्टेंबर १८८० रोजी पार्नेल यांनी क्लेअर परगण्यातील एनिस या गावी भाषण केले. शेजाऱ्याला बेदखल करून रिकामी केलेली जमीन जो दुसरा शेतकरी लिलावात घेतो, त्याचे काय करावे, असा प्रश्न त्यांनी जमावाला विचारला. जमावातून गोळी घालण्याची भाषा ऐकू आली. त्यावर पार्नेल यांनी अधिक ख्रिस्ती, अधिक दयेचा म्हणून दुसरा मार्ग सांगितला: त्या माणसाशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, इतकेच काय प्रार्थनास्थळातही कोणी बोलू नये, पूर्वीच्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसे त्याला एकटे पाडावे. हे भाषण कोणाविषयी होते हे विसरता कामा नये, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. ते जमीनदाराविषयी नव्हते आणि कारभाऱ्याविषयीही नव्हते. ते आपल्यातल्याच एका शेतकऱ्याविषयी होते, ज्याने शेजाऱ्याच्या तळतळाटावर आपले घर भरले.

२२ सप्टेंबरला लॉख मास्क येथे नोटिसा बजावायला बेलिफ पोलीस घेऊन निघाला. तीन नोटिसा बजावून झाल्या आणि मग गावातल्या बायका जमल्या. त्यांनी दगड, चिखल आणि शेण फेकून त्या माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या पोलिसांना बॉयकॉटच्या घरापर्यंत पिटाळून लावले. त्यानंतर जे घडले त्यानेच या आडनावाचे क्रियापद झाले. बॉयकॉटच्या शेतावरचे मजूर आणि घरातले नोकर काम सोडून गेले. लोहार घोड्यांना नाल मारीना, धुणावळ कपडे घेईना, टपाल आणणाऱ्या पोराला धमकावण्यात आले, जवळच्या बॅलिनरोब गावातले दुकानदार माल देईनात. पीक शेतात उभे आणि कापायला एक माणूस नाही, अशी त्याची अवस्था झाली. त्याने ही सारी कैफियत लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्राला पत्र लिहून कळवली आणि ते पत्र ऑक्टोबरमध्ये छापून आले. त्या पत्राने मेयोमधले एक स्थानिक भांडण साऱ्या ब्रिटनच्या चर्चेत आणले.

मग सरकारनिष्ठ मंडळींनी वर्गणी गोळा केली आणि कॅव्हन व मोनाहन या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक नोव्हेंबरात पीक काढायला आणले. त्यांच्या संरक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक आणि पोलीस तैनात झाले. बटाटे आणि सलगम काढण्यासाठी घोडदळ! सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्च झाला, असा त्या काळचा अंदाज आहे. तेथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी लोकांना हिंसेपासून निक्षून परावृत्त केले होते, त्यामुळे एवढ्या फौजेला लढायला समोर कोणीही आले नाही. रस्ते ओस होते. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉट कुटुंबाने लॉख मास्क सोडले आणि १ डिसेंबरला ते इंग्लंडकडे निघाले. बॉयकॉट पुढे सफक परगण्यात दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी झाला आणि १८९७ साली वारला. आपले आडनाव जगभरच्या वृत्तपत्रांत लहान अक्षरांत, क्रियापद म्हणून छापले जात असलेले त्याने हयातीतच पाहिले.

शब्द नेमका कोणी घडवला, याविषयी जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने सांगितलेली आणि डेव्हिट यांनी पुढे जतन केलेली एक आठवण आहे. ती भाषांतरकारांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. रेडपाथ फादर ओमॅली यांच्याबरोबर जेवत होते आणि एका शब्दापाशी अडले होते. बेदखल केलेली जमीन बळकावणाऱ्या शेतकऱ्याला समाज बाहेर टाकतो तेव्हा त्याला सामाजिक बहिष्करण म्हणता येते. पण तीच शिक्षा जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला दिली तर तिला काय म्हणावे? 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द त्यांना सुचला होता, परंतु तो खेडुतांना कळणार नाही अशी त्यांना शंका होती. ओमॅली यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, त्याला 'बॉयकॉट करणे' असेच म्हटले तर?

या आठवणीत शब्दाची सगळी गुरुकिल्ली आहे. 'ऑस्ट्रसाइज' हे क्रियापद ग्रीक भाषेतून आलेले. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर एखाद्याचे नाव लिहून मत देत आणि पुरेशी मते पडली तर तो माणूस दहा वर्षांसाठी नगराबाहेर जाई. त्या खापराला 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. म्हणजे समाजाने आपल्यातल्याच माणसाला बाहेर घालवणे. ख्रिस्ती धर्मसंस्थेकडून होणारे बहिष्करणही तसेच: जो आत आहे त्यालाच बाहेर काढता येते. बॉयकॉट मात्र त्या समाजाच्या आत कधी नव्हताच. तो परका होता, वर बसलेला होता, सत्ता त्याच्या बाजूला होती. समाजाने आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेली शिक्षा पहिल्यांदाच उघडपणे वरच्या माणसाला लागू केली, आणि शिक्षेची दिशा बदलली म्हणून नवा शब्द लागला. माझ्या मते या क्रियापदाचा अर्थ पद्धतीत जितका आहे त्याहून अधिक या दिशेत आहे.

शब्द विलक्षण वेगाने पसरला. त्याच नोव्हेंबरात 'टाइम्स'च्या बातम्यांत तो दुहेरी अवतरणचिन्हांत दिसतो, डिसेंबरात इतर वृत्तपत्रांत, आणि लवकरच अवतरणचिन्हे आणि मोठे आद्याक्षर दोन्ही गळून पडतात. फ्रेंच, जर्मन, डच, स्पॅनिश, रशियन, जपानी या भाषांनी तो जवळजवळ आहे तसा उचलला. इंग्रजीला हे सोपे जाते, कारण तेथे नामाचे क्रियापद करायला प्रत्ययाचीही गरज पडत नाही. मराठीत माणसांची नावे सहसा विशेषण किंवा उपमा होऊन राहतात: भगीरथ प्रयत्न, कळीचा नारद, झारीतले शुक्राचार्य. त्यांचे क्रियापद करायचे तर 'करणे', 'घालणे', 'टाकणे' यांपैकी कोणाचा तरी आधार घ्यावाच लागतो, आणि हा आधार कोणता घेतला यावर मराठीत अर्थ बदलतो, हे पुढे दिसेलच.

शब्द नवा असला तरी कृती नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटिश करांच्या निषेधार्थ अमेरिकी वसाहतींनी १७६० आणि १७७० च्या दशकांत ब्रिटिश माल न आणण्याचे करार केले होते. १७९१ नंतर ब्रिटनमधल्या अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमांवर पिकवलेली वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले. आपल्याकडे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी १८७० च्या दशकातच देशी कापडाचा आग्रह धरला आणि १८७७ च्या दिल्ली दरबारालाही ते खादी घालून गेले. या सगळ्या कृतींना आज आपण निःशंकपणे 'बॉयकॉट' म्हणतो. ज्यांनी त्या केल्या त्यांच्यापाशी तो शब्द नव्हता.

आता अर्थ. आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे कर्म बहुधा माणूस नसतो. ते एखादी वस्तू, कंपनी, सभा, स्पर्धा, निवडणूक असते. आपण एरवी जिच्यात सहभागी झालो असतो किंवा जी घेतली असती, अशा गोष्टीपासून निषेध म्हणून, ठरवून आणि बहुधा इतरांबरोबर दूर राहणे, असा त्याचा आजचा अर्थ आहे. यातले प्रत्येक अंग महत्त्वाचे आहे. मला चहा आवडत नाही म्हणून मी चहा घेत नाही, हे बॉयकॉट नव्हे. मला सभेचे आमंत्रणच नव्हते, हेही नव्हे. जेथे माझा सहभाग अपेक्षित होता तेथून तो मी मुद्दाम काढून घेतो, आणि तो काढून घेतल्याने समोरच्याचे नुकसान व्हावे, निदान त्याला जाणीव व्हावी, असा हेतू त्यामागे असतो. बहुतेक वेळा त्यात एक मागणीही गुंतलेली असते, आणि मागणी मान्य झाली की बॉयकॉट संपतो. मेयोतल्या कुळांना बॉयकॉट जन्मभर एकटा पडायला नको होता. त्यांना पंचवीस टक्के सूट हवी होती.

या अंगांमुळेच 'बंदी' हा प्रतिशब्द चुकीचा ठरतो, तरीही वृत्तपत्रांच्या घाईत तो अधूनमधून छापला जातो. बंदी घालण्यासाठी अधिकार लागतो; बॉयकॉटसाठी अधिकार नसलेलाच माणूस पुढे येतो. एका देशाचे सरकार दुसऱ्या देशाचा माल अडवते तेव्हा 'निर्बंध' म्हणावे. कामगार काम थांबवतात तो 'संप'. सभागृहात येऊन मग उठून जाणे हा 'सभात्याग', मुळात न येणे हा 'कामकाजावर बहिष्कार'. विधिमंडळाच्या बातम्यांत हा भेद आपले वार्ताहर चांगला पाळतात.

'बहिष्कार' हा शब्द बॉयकॉटच्या कितीतरी आधीचा. 'बहिस्' म्हणजे बाहेर. त्याला 'कार' जोडताना सकाराचा षकार होतो, जसा 'आविष्कार' या शब्दात. बाहेर करणे, बाहेर घालणे, असा त्याचा शब्दशः अर्थ, आणि जुन्या मराठीत तो जातीतून किंवा पंक्तीतून बाहेर काढण्यासाठीच वापरला जाई. मालावर घालायचा बहिष्कार आपल्याकडे फार पुढे, १९०५ च्या सुमारास आला. गावच्या बोलण्यात याच शिक्षेला 'वाळीत टाकणे' म्हणत आणि अजूनही म्हणतात. वाळीत पडलेल्या घराचे न्हावी आणि परीट बंद होत, पाणवठा तुटे, रोटीबेटीचा व्यवहार थांबे, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नसे. लॉख मास्कचा लोहार आणि धुणावळ आठवली तर शिक्षेची रीत सारखीच दिसते, आणि विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांना 'वाळीत टाकले' हे रूप सुचले ते याच साम्यामुळे असावे. फरक दिशेचा आहे. वाळीत टाकणारी जात किंवा गाव बलवान असते आणि वाळीत पडणारा एकटा. तो तिच्यातलाच असतो आणि तिच्याशिवाय त्याला जागा नसते.

मराठीत हा शब्द जुन्या दिशेकडून नव्या दिशेकडे कसा वळला, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्याचा बोभाटा झाला, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याविषयीचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत येऊन ठेपले. हा जुन्या अर्थाचा बहिष्कार होता: समाजाने आपल्या माणसाविरुद्ध उगारलेला. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १९०५ साली, बंगालची फाळणी झाली. त्या वर्षी ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला, ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली. ज्या शब्दाचा धाक त्यांनी स्वतः सोसला होता, तोच शब्द त्यांनी साम्राज्याच्या दिशेने फिरवला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू यांनी प्राण दिला, तोवर 'बहिष्कार' या शब्दाला मराठीत एक वेगळेच तेज आले होते.

या बदलाची खूण व्याकरणातही उमटली. 'विलायती मालावर बहिष्कार', 'सभेवर बहिष्कार', 'मतदानावर बहिष्कार' अशी 'वर' लागणारी रचना नव्या अर्थासोबत रुळली. येथे बाहेर जातो तो बहिष्कार टाकणारा; माल दुकानातच राहतो, सभा होतच असते, आपण तेथून दूर होतो. याउलट 'बहिष्कृत' हे रूप जुन्या अर्थालाच चिकटून राहिले: बहिष्कृत व्यक्ती, बहिष्कृत समाज. 'बहिष्कृत कापड' असे सहसा कोणी म्हणत नाही. भाषांतर करताना मी हा फरक कसोटीसारखा वापरतो. इंग्रजी वाक्यातल्या कर्माला 'बहिष्कृत' हे विशेषण लावून पाहावे. ते शोभले तर आपण जुन्या, कोंडी करणाऱ्या अर्थाच्या प्रदेशात आहोत.

'बहिष्कृत' म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्यांनी शब्दाचा जुना अर्थच निवडला आणि तो एका संपूर्ण समाजाची स्थिती सांगण्यासाठी वापरला. पण त्यांनी इंग्रजी क्रियापदाविषयीही एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली, जी शब्दकोशांत क्वचित सापडते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, चांगले कपडे घातले, नवरदेवाची मिरवणूक रस्त्यावरून नेली, एवढ्या कारणांवरूनही गावाने त्यांच्याशी सर्व व्यवहार कसे तोडले, शेतीची वाट कशी अडवली, वाण्याने मीठमिरची कशी बंद केली, याची नोंद त्या समितीच्या अहवालात आहे, आणि त्यासाठी तेथे 'सोशल बॉयकॉट' हाच शब्द आहे. म्हणजे आयर्लंडच्या कुळांनी वरच्या दिशेने उगारलेले हत्यार आपल्या गावांत वरच्यांनी खालच्यांवर चालवले, आणि इंग्रजी शब्द तोच राहिला.

पुढे १९३० साली गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दलितांच्या संरक्षणासाठी जी योजना सादर केली, तिच्यात बॉयकॉट हा फौजदारी गुन्हा मानावा अशी मागणी होती. त्यासाठी लागणारी व्याख्या त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बॉयकॉटविरोधी कायद्यातून थोडे बदल करून घेतली. घर किंवा जमीन देण्यास, व्यवहार करण्यास, मजुरीवर काम करण्यास, सेवा देण्यास किंवा घेण्यास नकार देणे; आणि जे सामाजिक, व्यावसायिक संबंध एरवी रिवाजाने ठेवले असते ते तोडणे, असा त्या व्याख्येचा गाभा आहे. या क्रियापदाचा इतका नेमका अर्थविस्तार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि ती वाचताना पुन्हा लॉख मास्कचे सरोवर डोळ्यांसमोर येते, कारण बॉयकॉटवर गुदरलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्यात आहे.

कायद्याच्या भाषेत हा गुंता आजही आहे. १९४९ साली मुंबई प्रांताने जातीबाहेर किंवा धर्मसमूहाबाहेर टाकण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात 'एक्सकम्युनिकेशन' हा शब्द होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्दबातल ठरवला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली जो कायदा केला आणि जो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला, त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत दोन्हींसाठी 'बहिष्कार'. म्हणूनच या संदर्भात 'सामाजिक' हे विशेषण कधीही गाळू नये. ते गळले की पीडित कुटुंबाची बातमी निवडणुकीवरच्या बहिष्काराच्या बातमीसारखी वाचली जाते.

उलट दिशेच्या भाषांतरात याहून मोठा घोटाळा होतो आणि तो माझ्याकडूनही झाला आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला एका कुटुंबाचा मराठी जबाब माझ्याकडे इंग्रजी करण्यासाठी आला होता. 'गावाने आमच्यावर बहिष्कार टाकला आहे' या वाक्यासाठी मी नुसते 'बॉयकॉट' हे क्रियापद योजले. ज्यांच्यासाठी भाषांतर होते ते गृहस्थ मराठी जाणत नव्हते. त्यांनी वाचून विचारले, की या लोकांचे दुकान आहे का, आणि गिऱ्हाइकांनी तेथे जायचे नाही असे ठरवले तर त्यात तक्रार करण्यासारखे काय आहे? जबाबात मात्र लिहिले होते, की त्यांच्या आईच्या अंत्यविधीला गावातले कोणी आले नव्हते. मी ते पान पुन्हा लिहिले, 'ऑस्ट्रसाइज' हे क्रियापद घेतले आणि पाणी, दुकान, अंत्यविधी यांची वाक्ये जशीच्या तशी ठेवली. आजच्या इंग्रजी वाचकाला 'बॉयकॉट' म्हटल्यावर ग्राहकाचे स्वातंत्र्य आठवते, त्या शब्दातली मूळची कोंडी त्याच्या कानावरून निघून जाते, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे संक्षिप्त भाषांतर मागणाऱ्यांशी मी याबाबत अनेकदा वाद घातला आहे.

आता त्या एका वाक्याकडे येतो. 'वाळीत टाकले' या रूपाने मराठी वाचकाला लॉख मास्कवर काय घडले हे तत्काळ दिसेल, यात शंका नाही, आणि १८८० सालच्या प्रसंगासाठी नुसता 'बहिष्कार' थोडा फिका पडतो, कारण आजच्या वाचकाच्या मनात तो मालाचा किंवा मतदानाचा बहिष्कार असतो. तरीही ते रूप मी स्वीकारणार नाही. वाळीत पडतो तो आपल्यातला आणि दुबळा. पार्नेल यांनी एनिसला ज्याच्याविषयी सांगितले त्या जमीन बळकावणाऱ्या शेतकऱ्यासाठी 'वाळीत टाकणे' अगदी चपखल बसले असते. कारभाऱ्यासाठी मात्र रेडपाथ आणि ओमॅली यांना ज्या कारणाने नवा शब्द शोधावा लागला, त्याच कारणाने मराठीतही 'वाळीत टाकणे' अपुरे पडते. म्हणून विद्यार्थिनीचे क्रियापद ठेवावे आणि त्याला त्या काळचे वजन द्यावे. मी ते वाक्य असे लिहीन: 'कुळांनी कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले आणि त्याच्यावर बहिष्कार टाकला.' मजकुरात पुढे हे क्रियापद पुन्हा येईल तेथे नुसता 'बहिष्कार' पुरेल. आणि एनिसच्या भाषणाचा उल्लेख आला तर मार्गदर्शकांचे 'वाळीत टाकणे' तेथे जरूर वापरावे.